डावीकडचं बोंड

१

पंपघरातली माणसं त्याला कानसेन म्हणत. शहराला पाणी चढवणारे सहा पंप त्या लांबट इमारतीत अखंड घरघरत असायचे आणि त्यांतला कुठला दुखण्याला लागणार हे कानसेनला दोन दिवस आधी कळायचं. त्याची रीत ठरलेली होती. हातभर लांब लोखंडी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी मूठ. सळईचं मोकळं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मनात शंभर आकडे होईपर्यंत हलायचं नाही. मग तो डोळे उघडून म्हणायचा, चार नंबर कुरकुरतोय, ग्रीस पोचत नाही. उघडून बघावं तर तसंच निघायचं. साहेबांचं यंत्र चुकेल पण कानसेनचा कान चुकायचा नाही, असं तिथे बोललं जायचं, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्याला भारी सुख होतं.

यातली मेख एवढीच की तो कान म्हणजे उजवा. डावा सात वर्षांपूर्वीच गेला होता. आधी त्यात शिट्टी वाजायला लागली, मग कापूस कोंबल्यासारखं झालं, आणि एके दिवशी कापूसही राहिला नाही. नुसती भिंत. पंपांनीच तो खाल्ला होता, पण कानसेन ते कुणाला बोलला नाही. दर वर्षी कानांची तपासणी व्हायची तेव्हा काचेपलीकडची नर्स बटण दाबताना खांदा किंचित हलवायची. हा तिच्या खांद्यावर नजर ठेवून हात वर करायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. आधी नोकरीच्या धास्तीने, आणि नंतर इतके दिवस सांगितलं नाही याचीच लाज वाटायला लागली म्हणून. जेवायच्या टेबलाशी खिडकीजवळची खुर्ची तिची, आणि ती नेमकी त्याच्या डाव्या हाताला. ती मुळात हलक्या आवाजात बोलायची, ते सगळं त्या भिंतीवर जाऊन पडायचं. तो घास चावत तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, ती हसली की हसायचा, आणि अंदाजाने कधी ‘हं’, कधी ‘बघू’, कधी ‘छान’ म्हणायचा. एवढ्या तीन शब्दांवर त्याने सात वर्षं संसार ओढला. ती हळूहळू कमी बोलायला लागली, तेव्हा त्याने वयावर बिल फाडलं.

आणि एवढं करून स्वभाव संशयी. दूध टाकणाऱ्याशी ती दोन मिनिटं जास्त बोलली की याच्या पोटात दुखायचं. औषधाच्या दुकानातल्या माणसाने तिला ‘बसा’ म्हटलं म्हणून याने दुकान बदललं होतं. ज्याला ऐकू कमी येतं त्याला दिसतं फार, त्यातली गत. यंदा ती जिन्यात घसरली, पाय मोडला, तर प्लास्टर घालणाऱ्याने टाच जरा जास्तच वेळ हातात धरली असं कानसेनच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

पाय प्लास्टरमध्ये आणि काम बैठं. तिच्याकडे एका कारखान्यातून उलट्या शिवलेल्या चामडी हातमोज्यांची पोती यायची. लाकडी काडीने एकेक बोट सुलटं करायचं, मनगटाची किनार हाताने टाचायची आणि डाव्या-उजव्याची जोडी लावून बांधायची. दिवसभर खिडकीशी एकटीने बसून तिचा जीव कंटाळला. मग तिच्या धाकट्या बहिणीने घरात पडलेला एक जुना, काडेपेटीएवढा प्लेअर आणून दिला. त्यात चाळीसेक गाणी होती. इअरफोन मात्र बहिणीच्या कुत्र्याने चावून टाकले होते.

‘साधेच आणा,’ समोर उभ्या असलेल्या त्याला बायको म्हणाली, ‘महागाचे नकोत. फक्त काम करताना कानातून पडायला नकोत, आणि दोन्हीकडे नीट वाजतात ना ते बघा.’

२

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली घड्याळांचे पट्टे, बॅटऱ्या, चार्जर असल्या सटरफटर वस्तूंचं दुकान होतं. दुकान चालवणारी बाई चष्मा कपाळावर चढवून बसलेली असायची. कानसेन सकाळची पाळी संपवून तिथे गेला, प्लेअर काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, स्वस्तातले जेवढे असतील तेवढे काढा.

इथे तो रंगात आला. हे त्याचं राज्य होतं. बासरीच्या साथीने एका बाईने म्हटलेलं एक संथ गाणं त्याने निवडलं आणि तेच गाणं प्रत्येक इअरफोनवर लावून बघितलं. पाकिटातले कडक प्लास्टिकचे घातले तर बाई पत्र्याच्या डब्यातून गात होती. स्पंजवाल्यांचा आवाज बरा, पण मान हलवली की ते खांद्यावर. रबरी टोप्यांचे घट्ट बसत होते, फक्त बासरी ओल्या पोत्याखाली गेल्यासारखी वाटत होती. कानामागून आकडा घेणारे होते ते त्याच्या चष्म्याच्या दांडीवर चढत होते. शिवाय वायर फार आखूड नको, हातमोज्यात अडकेल. आणि जिथे वायर पिनेत शिरते तिथे ती बोटाने वाकवून बघायची, कारण तुटते ती तिथेच. दुकानवाली हे सगळं कौतुकाने बघत होती. असं गिऱ्हाईक तिला रोज कुठे मिळायला!

शेवटी तिने गल्ल्याशेजारच्या तबकातून एक जोडी काढली. पाकीट नव्हतं, नाव नव्हतं. फिक्या राखाडी रंगाची वायर आणि दोन छोटी गुळगुळीत बोंडं. कानसेनने उजवं बोंड उजव्या कानात घातलं आणि तो काउंटर धरून उभाच राहिला. गाणाऱ्या बाईने ओळ संपल्यावर श्वास घेतला तो त्याला ऐकू आला. बासरीवाल्याचं बोट भोकावरून उचललं गेलं ते ऐकू आलं. या किमतीत हे शक्यच नव्हतं.

‘हेच द्या,’ तो म्हणाला.

‘दुसरी बाजू बघा की,’ दुकानवाली म्हणाली. ‘हे मी परत घेत नाही. दोघांनी परत आणलंय आधीच.’

खरं म्हणजे दोन बेअरिंगं असली तर दोन्ही तपासायची, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. डावं बोंड उजव्या कानात घालून बघायला एक मिनिट लागलं नसतं. पण बाई टक लावून बघत होती, आणि जो माणूस डावं बोंड उजव्या कानात घालतो त्याचं काय बिघडलंय हे कुणीही ओळखेल असं त्याला वाटलं. म्हणून त्याने ते ऐटीत डाव्या कानात सरकवलं. भिंतच होती, भिंतच राहिली. तो डोळे मिटून, मान डोलवत, बेताचा वेळ थांबला. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. बोंड कोमट होतं. कुणाच्या तरी कानातून आत्ताच काढल्यासारखं.

‘काय ऐकू आलं डावीकडे?’ बाईने विचारलं.

‘तेच. दोन्हीकडे सारखं.’

‘सारखं?’

‘अगदी सारखं.’

बाईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने इअरफोन कागदात गुंडाळून दिले.

३

बायकोने इअरफोन घातले तेव्हा तो मुद्दाम समोर उभा राहिला. पहिलं मिनिटभर ती नुसती ऐकत होती. मग तिच्या हातातली काडी मोज्याच्या अंगठ्यात तशीच थांबली. तिने दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, ‘किती छान आहेत हो.’ ती फार दिवसांनी असं काही म्हणाली होती. कानसेन त्या दिवशी शीळ घालत भांडी घासायला गेला.

आठवडाभर सगळं झकास चाललं. तिचं काम दुपटीने उरकायला लागलं. चेहऱ्यावर तकाकी आली. ती केस विंचरून खिडकीशी बसायला लागली, आणि कानसेनच्या मनात पहिली मुंगी चावली ती तिथे. प्लास्टरमध्ये पाय असलेल्या बाईने गाणी ऐकायला केस कशाला विंचरायचे?

मग तो बघायला लागला. बघण्यात तो पटाईतच होता. त्याने काही विचारलं की ती इअरफोन काढायची, पण फक्त उजवा. डावा कानातच ठेवून ती याला उत्तर द्यायची, आणि उत्तर देताना अर्धं लक्ष भलतीकडे असायचं. ती मधेच हसायची. त्याला ती चाळीस गाणी आता पाठ झाली होती, त्यांत हसण्यासारखं एकही नव्हतं. आणि तिचे ओठ हलायचे. गुणगुणते म्हणावं तर गुणगुणणारा माणूस गाण्याबरोबर जातो, ही थांबायची. चार वाक्यांइतके ओठ हलले की थांबायची, मान कलवायची, जणू कुणी काही विचारतंय, आणि पुन्हा सुरू करायची. तो दारात आला की बंद.

‘काय ऐकतेस एवढं?’ त्याने एकदा विचारलं.

‘गाणी.’

‘कुठली?’

‘आता मी काय सांगू? इअरफोन तुम्हीच निवडून आणलेत ना.’

तो जळत होता आणि कुणावर जळायचं ते कळत नव्हतं, हा त्यातला सगळ्यात मोठा त्रास. दूधवाला असता तर निदान दूध बंद करता आलं असतं.

४

एका दुपारी ती न्हाणीघरात होती. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून अंघोळ म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. इअरफोन खिडकीच्या कट्ट्यावर पडले होते. कानसेनने दाराला कडी घातली आणि डावं बोंड उचलून उजव्या कानात घातलं.

काहीच नाही. त्याने प्लेअरचं बटण दाबलं. पडदा उजळला नाही. पुन्हा दाबलं. मग त्याच्या लक्षात आलं की बॅटरी संपलीय. चार्जर त्यानेच वरच्या फळीवर ठेवला होता, प्लास्टर घातलेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशा जागी, आणि आठवडा झाला तो काढायचा राहून गेला होता. असला प्लेअर फार तर दोन दिवस चालतो. म्हणजे पाच दिवस ती मेलेला प्लेअर कानाला लावून बसली होती, आणि आज सकाळीही हसली होती.

त्याने बुद्धी वापरायचा प्रयत्न केला. चेष्टा करत असेल. एकटं बसून माणसाला अशी सवय लागते, वायर कानात असली की सोबत वाटते. शक्य आहे. त्याने चार्जर काढला, प्लेअर लावला आणि तेच बोंड पुन्हा उजव्या कानात घालून ऐकलं. बासरी, गाणारी बाई, तिचा श्वास. सगळं जागच्या जागी. पण ते बोंड थंड दगडी कट्ट्यावरून पहिल्यांदा उचललं तेव्हाही कोमट होतं. उजवं गार. गरम बेअरिंगचा अर्थ त्याला माहीत होता. आत काहीतरी कशावर तरी घासतंय.

संध्याकाळी मेहुणी भाजी घेऊन आली, तास-दीड तास बसली. तो तिला सोडायला जिना उतरला तेव्हा ती आपणहून म्हणाली की ताई फार बरी दिसतेय. ‘खरं सांगू का भाऊजी, मला बरं वाटलं. पूर्वी म्हणायची, यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आता म्हणते, मी सगळं सांगते, आणि मन लावून ऐकून घेतात.’

‘कोण?’ कानसेन म्हणाला.

‘अहो, तुम्हीच. अजून कोण?’ मेहुणी हसली आणि पायऱ्या उतरून गेली.

तो जिन्यातच उभा राहिला. वरती खिडकीशी दिवा लागलेला होता. इतकी वर्षं तो ज्याच्या त्याच्यावर जळला, ते सगळे आता त्याला साधे, बिचारे वाटले. त्यांतल्या कुणीही तिचं ऐकून घेतलं नव्हतं.

५

प्लास्टर काढायच्या दिवशी त्याची सुट्टी होती, पण बायको म्हणाली बहीण येतेय बरोबर, तुम्ही कशाला तिथे ताटकळता. दोघी गेल्या. कानसेन तिच्या खुर्चीत जाऊन बसला.

त्या खुर्चीतून खोली वेगळीच दिसत होती. तिच्या डाव्या हाताला एक स्टूल असायचं, तयार जोड्या ठेवायला. आता जोड्या खाली जमिनीवर रचलेल्या होत्या. स्टूल रिकामं होतं, त्यावर उशी होती, आणि ते भिंतीला समांतर न राहता खुर्चीकडे वळवलेलं होतं. दोन माणसं बोलत बसतात तसं. त्याने उशीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. ऊन पडलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. ऊन अजून खिडकीच्या चौकटीवरच होतं.

त्याने प्लेअर बंद केला. पडदा काळा झाल्याची खात्री केली. आणि का कुणास ठाऊक, डावं बोंड त्याने डाव्या कानात घातलं, मेलेल्या.

सात वर्षांत त्या कानात काही शिरलं नव्हतं. आताही आवाज असा आला नाही. जे आलं ते ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. फोन उचलून पलीकडचा माणूस बोलत नाही, पण आहे हे कळतं, तसं. कुणीतरी तिकडे ऐकत होतं. कानसेनने जन्मभर दुसरं केलं काय होतं? सळई कानाशी धरून श्वास रोखणं म्हणजे काय, ते तो जाणत होता. तिकडे कुणीतरी तसाच श्वास रोखला होता. सगळं लक्ष एकवटून, कसलीही घाई नसलेलं, त्याच्याकडे झुकलेलं. त्याने काहीतरी बोलावं याची ते वाट बघत होतं, आणि भयंकर गोष्ट अशी की त्याला बोलावंसं वाटलं.

मग एक पुरुषी आवाज, ना तरुण ना म्हातारा, अगदी हळू म्हणाला, ‘हं. पुढे?’

कानसेनने बोंड उपटून काढलं. आधी जी उठली ती भीती नव्हती. आधी संताप उठला. किती नीट विचारलं त्याने! दोन शब्द. असं आपण तिला सात वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि या कोण कुठल्याने, माझ्या घरात, माझ्या पैशांनी घेतलेल्या वायरीतून! तो उठला, हत्यारांच्या पेटीतली पक्कड काढली आणि डावी वायर बोंडाच्या बोटभर खाली कापली.

ते बोंड त्याने खिशात टाकलं. दुपारचं जेवण होईपर्यंत ते मांडीला कोमट लागत होतं. दुसऱ्या दिवशी पंपघरात गेल्यावर त्याने ते जळक्या तेलाच्या पिंपात फेकलं आणि बुडताना बघितलं.

६

‘खणात अडकून तुटली,’ त्याने बायकोला सांगितलं.

ती काठी टेकत आली होती, पायाचा पोटरीपासूनचा भाग पांढराफटक पडलेला. तिने कापलेली वायर हातात घेतली. खणात अडकून तुटलेली वायर अशी सरळ तुटत नाही हे लहान मुलालाही कळलं असतं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ‘असू दे,’ म्हणाली. ती रडली असती, भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने उजवं बोंड उजव्या कानात घातलं, कापलेलं टोक खांद्यावरून सोडलं आणि कामाला बसली.

कानसेनने मनाशी ठरवलं की आता आपण ऐकायचं. जो गेला त्याची जागा भरून काढायची. रात्रीच्या जेवणाला तो आपली खुर्ची सोडून तिच्या डाव्या बाजूच्या स्टुलाकडे गेला. तिथून ती त्याच्या उजव्या कानाला आली असती.

‘तिथे नका बसू,’ ती म्हणाली.

‘का?’

‘सवय नाही मला.’

तो आपल्या जागी गेला, पण खुर्ची फिरवून, सबंध अंगाने तिच्याकडे वळून बसला. ‘बोल ना काहीतरी,’ तो म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा.

तिने घास खाली ठेवला. आवाज शांत होता, आणि तो आता त्याला स्वच्छ ऐकू येत होता. ‘काय बोलू? सांगून झालं सगळं. आईच्या आजारपणात तुम्हाला सांगत होते, तुम्ही छान म्हणालात. गाठ आली म्हणून घाबरले होते तेव्हा बघू म्हणालात. ती आपोआप गेली, तेव्हा हं. मला वाटायचं मीच काहीतरी कंटाळवाणं बोलते.’

गाठ? कसली गाठ? त्याला काही माहीत नव्हतं. आत्ता सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मला ऐकूच येत नव्हतं गं, मी खोटं वागलो, पण तुझा कंटाळा कधी केला नाही. ते सांगितलं असतं तर कदाचित ती परत आली असती. पण कानसेन म्हणवणाऱ्याची जीभ उचलली नाही. तो म्हणाला, ‘भाजी छान झालीय.’

ती हसली. त्याच्याकडे बघून नव्हे.

७

दुसऱ्या दिवशी पंपांवरून सळई फिरवताना त्याला एकही पंप ऐकू आला नाही, डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. दुपारी त्याने साहेबांना पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि निघाला. नोकरी गेली तर जाऊ दे. जिना चढताना तो पाठ केल्यासारखं पुटपुटत होता. डाव्या कानाने ऐकू येत नाही, सात वर्षं झाली. डाव्या कानाने ऐकू येत नाही.

दार लोटलेलं होतं. त्याने ते हळूच ढकललं.

ती खिडकीशी बसली होती, मांडीवर हातमोजा, हातात सुई. खोलीत तिरपं ऊन भरलं होतं. तिचे ओठ हलत होते. कानसेनने सवयीने उजवा कान पुढे केला. त्याला नळाचा थेंब ऐकू आला, खाली कुणीतरी ढकलत नेलेल्या गाडीचं चाक ऐकू आलं, चामड्यातून दोरा ओढला जाताना होणारी करकर ऐकू आली. तिचा आवाज मात्र ऐकू आला नाही. ओठ हलत होते आणि त्या कानात काही येत नव्हतं.

मग त्याला वायर दिसली. उजव्या बोंडाची तिच्या कानात होती. डावी, जी त्याने स्वतःच्या हाताने कापली होती, ती खांद्यावरून खाली लोंबत नव्हती. ती बाजूला गेली होती, स्टुलाकडे, मधे थोडीशी झोल खाऊन पुन्हा वर चढलेली, आणि बसलेल्या माणसाचा कान जिथे असतो तेवढ्या उंचीवर हवेत थांबली होती. टोकाच्या तांब्याच्या तारा उन्हात चमकत होत्या. उशी दबलेली होती. मागच्या भिंतीवर तिची सावली होती, खुर्चीची होती, वायरीची होती, आणि वायर संपते तिथे एका कानाच्या पाळीएवढी गोलसर सावली होती. ती रचलेल्या हातमोज्यांच्या अंगठ्याची असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. हातमोजे जमिनीवर होते.

आणि डाव्या कानात, त्या भिंतीत, बायकोचा आवाज अगदी जवळून म्हणाला, ‘ते आले वाटतं.’

‘येऊ दे,’ तो दुसरा म्हणाला. ‘तू पुढे सांग.’

कानसेनच्या अंगाची लाही लाही झाली. स्वतःच्या उंबऱ्यावर तो परका माणूस होता. पाठ केलेलं सगळं विसरलं, आणि त्याच्या तोंडून ते मोठ्याने, कसंही, ओरडल्यासारखं बाहेर पडलं: ‘मला डाव्या कानाने ऐकू येत नाही! सात वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही.’

हे तो बायकोला सांगत होता. डोळे तिच्यावरच होते. पण हलली ती वायर. तांब्याचं टोक तिच्यापासून सावकाश वळलं, खोलीच्या मधून फिरलं आणि त्याच्याकडे येऊन थांबलं. त्याच्या डाव्या कानाशी तो रोखलेला श्वास आला, सगळं लक्ष एकवटलेला.

‘हं,’ तो दुसरा म्हणाला. ‘पुढे?’

कानसेनने बायकोकडे जायचं म्हणून पाऊल उचललं होतं. ते तिथेच टेकलं. असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला टेकला आणि सांगायला लागला. नर्सच्या खांद्याचं सांगितलं. पहिल्या शिट्टीचं सांगितलं, त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडला होता ते सांगितलं. उजवाही जाईल या भीतीने तो रोज सकाळी उठल्यावर घड्याळ कानाला लावून बघतो ते सांगितलं. तिकडून फक्त ‘पुढे’ येत होतं, आणि प्रत्येक ‘पुढे’ला त्याच्या छातीवरचा एक दगड उतरत होता. केव्हातरी पाय चालत गेले असावेत, कारण तो आता स्टुलासमोर जमिनीवर बसला होता. ऊन भिंतीवरून निघून गेलं होतं.

दम घ्यायला तो थांबला तेव्हा त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. तिने सुई खाली ठेवली होती. मघा तिचं बोलणं त्याच्या उजव्या कानाला पोचलं नव्हतं तसंच, त्याने जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्याकडे बघताच त्याला कळलं. ती त्याच्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, ओठ घट्ट मिटून. या नजरेने आपण दूधवाल्याकडे बघत होतो, प्लास्टरवाल्याकडे बघत होतो, हे त्याला उमगलं. तिने हात लांब करून वायर बोटांत धरली आणि स्वतःकडे ओढली.

‘माझं अर्धंच राहिलं होतं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नंतर या.’